साधूची कॅसेट आणि झनकलालची उलटी चाल

तिरोड्याहून बोदलकसाच्या रस्त्याला लागा आणि मधल्या कोणत्याही गावात एखाद्या पांढऱ्या मिशीच्या माणसाला विचारा, "साधूची कॅसेट ऐकली का जी?" तो आधी हसेल, मग माझं नाव घेईल. दुलीचंद लाउडस्पीकरवाला. दिवाळीच्या अंकात सहसा शिकलेले लोक लिहितात हे मला माहीत आहे. मी चौथीतून सुटलो, तो पुन्हा शाळेच्या पायरीवर चढलो पंधरा ऑगस्टचा भोंगा बांधायलाच. तरी मला लिहायला सांगितलं. सांगितलं नसतं तरी मी लिहून पाठवलंच असतं. आवाजाच्या धंद्याबद्दल छापून येतं ते एवढंच की खिडक्या हलल्या आणि म्हाताऱ्यांची झोप मोडली. धंदा कसा असतो ते कोणी सांगत नाही.

तर ऐका. भोंगा आणि पेटी या दोन वेगळ्या जाती आहेत. भोंग्याचा आवाज पातळ. आंब्याच्या झाडाला बांधला की दोन गावं ओलांडतो, पण माणसात शिरत नाही. लग्न कोणाकडे आहे ते कळतं, बस. पेटीचा आवाज दूर जात नाही. तो जवळच्या माणसाच्या बरगडीत जाऊन बसतो. मी धंदा सुरू केला तेव्हा आमच्या भागात सगळे भोंगेवाले. मी गोंदियाच्या भंगारातून बंद पडलेल्या टॉकीजचा एक मोठा स्पीकर आणला, सूप केवढं असतं तेवढा, आणि मोडक्या बैलगाडीच्या फळ्यांची त्याला पेटी केली. माणूस आत बसेल एवढी. गावकरी पाहायला आले.

"हे का हाय गा दुलीचंद? धान ठेवाची ढोली का?"

"तुझ्या बापाले ठेवाची," मी म्हटलं. तेव्हा माझं तोंड असंच होतं. आजही फार सुधारलेलं नाही.

पेटी कुठे ठेवायची ही अर्धी विद्या. धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, पाणी असेल तर आवाज पाण्यावरून घसरत जातो, पलीकडच्या धुऱ्यावरचा माणूस मान वर करतो. तणसीच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगाजवळ ठेवली तर सगळं गाणं तणीसच ऐकते, माणसाला काही उरत नाही. शेणानं सारवलेल्या आंगणात पेटी गोड वाजते, सिमेंटच्या आंगणात भांडते. आजकालच्या पोरांना हे सांगायला गेलं की ते म्हणतात, काकाजी, सेटिंगमध्ये होऊन जाते. होत असेल.

आता कॅसेटचं सांगतो. नवेगाव बांधाच्या पलीकडे तिबेटी लोकांची जुनी वस्ती आहे. थंडीत ते गोंदियाला स्वेटरची दुकानं लावत. त्यातला ताशी नावाचा एक माणूस, माझ्याच वयाचा, दुकानात दिवसभर टेप वाजवायचा. एकदा त्याच्या टेपनं कॅसेट खाल्ली, म्हणजे आतली फीत चाकात गुंडाळली. मी बाजूलाच भजी खात होतो. मला राहवलं नाही. हात पुसले, फीत सोडवली, पेन्सिल घालून परत गुंडाळली. ताशीचे डोळे भरून आले. एका कॅसेटपायी एवढं काय, म्हणून मी ती उलटून पाहिली. वेष्टनावर एक काळा माणूस. कंबरेपर्यंत जटा, डोळे मिटलेले, तोंडाभोवती धूर.

"कौन से अखाड़े का साधू है?" मी विचारलं.

ताशी खूप हसला. मग म्हणाला, "साधू नहीं, भैया. समुंदर में एक टापू है, जमैका. वहाँ का गवैया है. इनके बाप-दादा को जहाज में भरके ले गए थे. गाने में बोलता है, एक दिन घर जाएँगे."

"गए क्या?"

"कहाँ से जाएँगे," ताशी म्हणाला आणि एका बाईला स्वेटर दाखवायला वळला. वळलेला असतानाच बोलला, "हम भी बोलते रहते हैं."

निघताना त्यानं कॅसेट माझ्या हातात ठेवली. मी नको म्हटलं. तो म्हणाला, भाऊ दिल्लीहून दुसरी पाठवेल, तुझ्याकडे मोठी पेटी आहे, तिच्यात वाजव. आमच्या पोवारांचेही पूर्वज माळव्यातून आले म्हणतात. पण आम्हाला इथे जमीन मिळाली, धान पिकलं, माळवा विसरलो. ताशीला विसरायचं नव्हतं. मी कॅसेट खिशात घातली.

घरी आणून पेटीला लावली तेव्हा आमची बायको तांदूळ पाखडत होती. ती सूप घेऊन बाहेर आली. "हा मानूस गाऊन राहिला का झोपेत बोलून राहिला वो?"

"चूप. ऐक."

ऐकता ऐकता तिचं सूप त्या गाण्यावर हलायला लागलं, तिलाही कळलं नाही.

त्या गाण्यात काय होतं ते मी इतकी वर्षं शोधतो आहे. आपल्या ढोलकीत, डफात, बँडमध्ये ठोका जिथे पडायचा तिथे पडतो. पाय टाका, ठोका. या साधूच्या गाण्यात पाय टाकायच्या जागी काहीच नसतं. तिथे रिकामी जागा. आणि पाय उचललेला असताना, अधांतरी, तिथे गिटार म्हणतं, च्याक. त्याच्या खाली जाड तारेचा आवाज चालतो, धुम् धुम्, पोट भरलेल्या म्हशीसारखा, कशाचीच घाई नाही. बाकी गाणी माणसाला पुढे ढकलतात. हे गाणं मागे खेचतं, आणि मागे जातानाच बरं वाटतं. धानाचा रोवणा ज्यानं केला आहे त्याला हे पटकन कळेल. रोवण्यात बाया मागे मागे सरकतात. हात पुढे चिखलात, पाय मागे. हात आणि पाय कधी एका वेळी पडत नाहीत.

कॅसेटची दुसरी बाजू वेगळी. तिथे तेच वाजवणं, पण साधू गात नाही, बोलतो. भरभर, यमक जुळवून, मध्येच हसतो, कोणाला तरी चिडवतो. भाषा एक अक्षर कळत नाही. पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ताडकन उभा राहिलो, कारण ते पोळ्याचं होतं. आमच्याकडे पोळ्याला बैल तोरणाखाली उभे करतात आणि दोन बाजूंनी झडत्या म्हणतात. एकानं यमक मारायचं, दुसऱ्यानं त्याहून कडक परत मारायचं, आणि शेवटी सगळ्यांनी हर हर महादेव. हा जमैकावाला झडत्याच म्हणत होता. फक्त त्याच्यासमोर बैल नव्हते.

तर मी पोळ्यालाच ती लावली. गावातले म्हातारे पंच माझ्यावर आले.

"हे कोन्या देवाचं भजन होय?"

"समुद्रापलीकडल्या."

"त्याले आपल्या पोळ्यात कायले आनलं?"

"बैलाकडे पाहा ना जी," मी म्हटलं.

भोंग्याच्या किंचाळण्यानं दरवर्षी एखादी जोडी उधळायची, कोणाचा पाय मोडायचा, कोणाचं तोरण तुटायचं. त्या वर्षी पेटीवर साधू बोलत होता आणि बैल झूल घालून, कान पाडून, रवंथ करत उभे. पंचांनी बराच वेळ पाहिलं. मग त्यातले सगळ्यात म्हातारे म्हणाले, "असो. साधू हाय, वाजू द्या." त्या दिवसापासून ती साधूची कॅसेट. जटा पाहून बायका तिला हात जोडायच्या. मी कोणाला अडवलं नाही. घर आठवून गाणाऱ्या माणसाला हात जोडले तर कोणाचं काय बिघडतं?

इथे एक बारीक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं समजणार नाही. टेपच्या आत एक रबर असतं, मोटरवरून चाकावर जाणारं. माझ्या टेपचं रबर केव्हाच तुटलं होतं. तिरोड्यात मिळेना, म्हणून मी सायकलच्या ट्यूबची चकती कापून घातली. छान चालली. त्या चकतीवर माझ्या सगळ्या कॅसेटी जरा जडपणानं गायच्या. सिनेमातली बाई गायला लागली की लोक म्हणायचे, "दुलीचंदच्या पेटीत आवाज कसा भरदार येते!" मी मिशीला पीळ द्यायचो. पेटीचा गुण. बैलगाडीच्या फळ्यांचा गुण. दुसरं काही कारण असेल हे ना माझ्या डोक्यात आलं, ना कोणाच्या.

आता झनकलाल. माझ्या घरापासून तिसरं घर. थोडी धानाची जमीन, एक म्हैस, आणि गावच्या दंडारीत बाईचं काम. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतला खेळ. दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते, सगळे सोयरेधायरे येतात, आणि भर दुपारी आखरावर, म्हणजे गावच्या मोकळ्या मैदानावर, दंडार उभी राहते. त्यात बाईचं काम बाप्यानंच करायचं अशी रीत. झनकलाल लुगडं नेसून, अंबाडा घालून आला की नव्या पाव्हण्यांना खरंच बाई वाटायची. एकदा एका जावयानं त्याला खिशातला रुमाल दिला होता. झनकलालनं तो वर्षभर नाक पुसायला वापरला.

एका मंडईला दंडारीच्या मध्येच ढोलकीचं चामडं फाटलं. लोक उठायला लागले. मी पेटीवर साधू लावला. झनकलाल मैदानात एकटा उभा. त्यानं थोडं ऐकलं, आणि वाकला, जसं रोवण्यात वाकतात, आणि मागे सरकायला लागला. हात पुढे, पाय मागे, च्याक. हात पुढे, पाय मागे, च्याक. लुगड्याचा काठ चिखलातून उचलावा तसा उचलायचा, मान वळवून मागे पाहायचा, जणू बांधी किती उरली ते पाहतो. बाया हसायला लागल्या, मग हसता हसता गप्प झाल्या. दिवसभर चिखलात वाकून मागे जाणं हा नाच आहे, असं त्यांना आजवर कोणी दाखवलं नव्हतं. उठलेले लोक परत बसले.

त्याला उलटी चाल नाव पडलं. पुढे वर्षानुवर्षं मंडईला आधी विचारायचे, साधू येणार का, झनकलाल नाचणार का. आम्ही दोघं खूप गावं फिरलो. तो काळ होता, असं म्हणून मी रडणार नाही. मग डीजे आले. भिंतीएवढे स्पीकर, लाईट, धूर. माझी पेटी गोठ्यात गेली. सगळ्यात वाईट म्हणजे तो डीजे आणला कोणी? झनकलालच्या पोरानं, खेमराजनं. पोरगा चांगला. थर्मल पावरच्या ठेकेदाराकडे काम करून त्यानं पैसे जोडले आणि स्वतःचा सेट घेतला. आवाज स्वच्छ ठेवतो, दारू पिऊन मशीनला हात लावत नाही. एवढं मी त्याच्या तोंडावर कधी म्हटलेलं नाही. इथे लिहितो.

मागच्या पावसाळ्यात तो मोबाईल घेऊन माझ्याकडे आला. "काकाजी, तुमचा साधू सापडला. पूरा अल्बम हाय. जगात फेमस हाय म्हन्ते." त्यानं नावही सांगितलं. मी लक्षात ठेवलं नाही, माझ्यासाठी तो साधूच. त्यानं गाणं लावलं.

मी ऐकलं आणि म्हटलं, "हे खोटं हाय."

"खोटं कसं? ओरिजनल हाय."

"याच्या मांगं कुत्रं लागलं का? एवढा काऊन पळून राहिला? अन् आवाज पाह्य, पोरासारखा."

खेमराज विचारात पडला. मग तो माझा टेप उघडून बसला, ती ट्यूबची चकती बोटानं ओढून पाहिली आणि हसता हसता आडवा झाला. "काकाजी, तुमचं रबर ढिल्लं हाय! इतकी वर्सं पूऱ्या तालुक्याले तुम्ही गानं हळू ऐकवलं!"

मी त्याला सांगितलं ते इथेही सांगतो. गाणं त्या बेटावर कसं वाजतं ते त्या बेटानं पाहावं. आमच्या बांधीत ते या चालीनं रुजलं. धानाचं बी कुठलं का असेना, भात आपल्या चुलीवर शिजतो. तो म्हणाला, "तुमच्याशी कोन बोलते," आणि गेला.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. खेमराजसाठी गोरेगावकडची एक मुलगी पाहिली होती. शिकलेली, नर्सिंग केलेली. आमच्याकडे मंडई म्हणजे सोयरीक जुळवायची जागा. मुलीला वडील नव्हते, मामा सगळं पाहत. ते मंडईला येणार, घरदार पाहणार, आणि हो-नाही सांगणार असं ठरलं. त्याच वेळी झनकलालचे गुडघे कामातून गेले होते. डॉक्टर म्हणाला, ऑपरेशन केल्याशिवाय चालणं कठीण, केल्यावर वाकणं बंद. झनकलालनं ठरवलं, ऑपरेशनच्या आधी एकदा शेवटचं नाचायचं.

मी त्यांच्या आंगणात बसलो होतो. झनकलाल गुडघ्याला तेल चोळत होता. खेमराज उभाच.

"बाबा, औंदा नोका नाचू."

"काऊन?"

"मामाजी येऊन राहिले."

"येऊ दे. दंडार पाहतील."

"मंग मी त्याहिले का सांगू? तो लुगडं नेसून कंबर हलवते तो माझा बाप हाय?"

झनकलालचा तेलाचा हात थांबला. मला वाटलं आता हा उठून पोराच्या कानाखाली देईल. त्यानं वाटी बाजूला ठेवली, हात धोतराला पुसले.

"नोको सांगू," तो म्हणाला. "तोंडाले रंग असते. कोन वळखते? मी नाचतो, मांगच्या मांगं घरी येतो, धोतर घालून पाव्हण्याले पानी देतो. मंग सांग, हे माझे बाबा."

खेमराज खाली पाहत म्हणाला, "चालन."

"चालन?" मी उठलो. "अरे, ज्याच्या नावानं मंडई भरे त्यानं आता चोरावानी नाचाचं?"

"तू चूप ऱ्हा दुलीचंद," झनकलाल म्हणाला. "पोराचं घर बसाचं हाय." मग हळूच, पोरगा गेल्यावर, "तुझा टेप आन मात्र. त्याच्या मशीनवर माझा पाय नाई पडत."

मंडईच्या दिवशी मी टेप पुसून, काखेत धरून आखरावर गेलो. पेटीही बैलबंडीत घालून आणली. खेमराजनं तोंड वाकडं केलं, पण तिची वायर आपल्या मशीनला जोडून दिली. पेटी त्याच्या स्पीकरच्या भिंतीसमोर अशी दिसत होती, जशी लग्नात नवरीची आजी. मुलीचे मामा आले. उंच माणूस, पांढरा सदरा, खांद्यावर शेला. त्यांना आमच्या टेबलाजवळच खुर्ची दिली. खेमराज त्यांच्या पाया पडला. मामांनी विचारलं, "तुमचे बाबूजी नाही दिसत?"

"येतील जी. घरी थोडं काम होतं," खेमराज म्हणाला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.

दंडार रंगली. उलट्या चालीची वेळ आली. मी कॅसेट घातली, बटण दाबलं. साधूनं गळा साफ करावा तसा एक आवाज केला आणि थांबला. मी झाकण उघडलं. फीत तुटली होती. ताशीच्या दुकानात गुंडाळली होती तशी ती आता गुंडाळता येणार नव्हती, जागोजागी भुगा झाला होता. मी ती हातात धरून बसलो. मैदानात झनकलाल येऊन उभा, लुगडं, अंबाडा, कपाळाला मोठी टिकली, वाट पाहत.

"हटा काकाजी, माझ्याकडं हाय," खेमराज म्हणाला आणि मोबाईलवालं लावलं.

गाणं पळायला लागलं. स्वच्छ, मोठं, सुंदर वाजत होतं, खोटं कशाला बोलू. झनकलाल वाकला. एक पाय मागे नेला, तोवर च्याक होऊन गेलं. घाईनं दुसरा नेला, तोही चुकला. गुडघा दुखला असणार, तो तिरपा झाला. परत उभा राहिला, परत वाकला. मागून शिट्ट्या आल्या. "म्हातारी थकली बे!" कोणी ओरडलं. "तिले घरी पाठवा!" लोक हसले. मामाही हसले. त्यांना काय माहीत?

मी खेमराजचा दंड धरला. "हळू कर."

"काकाजी, ओरिजनल असंच हाय."

"ओरिजनल गेलं खड्ड्यात. बापाच्या पायाकडं पाह्य."

त्यानं पाहिलं. इतका वेळ तो मशीनकडे आणि मामांकडेच पाहत होता. त्याच्या मशीनवर एक उभी पट्टी असते, बोटानं खालीवर सरकवायची, गाण्याचा वेग कमीजास्त होतो. त्याचं बोट पट्टीवर गेलं आणि थांबलं. मैदानात झनकलाल कंबरेवर हात ठेवून उभा होता, रंगानं माखलेलं तोंड वर करून पेटीकडे पाहत. आमच्याकडे नाही, पेटीकडे. जणू तिचंच चुकत होतं.

खेमराजनं पट्टी खाली घेतली. अगदी थोडी. मग आणखी. साधूचा आवाज जड होत गेला, पोराचा बाप्या झाला, बाप्याचा म्हातारा. माझ्या पेटीनं तो ओळखला. मला बरगडीत कळलं. झनकलाल वाकला, पाय मागे, च्याक. खेमराजनं बोट रोखलं. पाय मागे, च्याक. शिट्ट्या आपोआप बंद पडल्या. पुढे बसलेल्या बायांनी लेकरांना मांडीवर खाली दाबलं. लुगड्याचा काठ उचलला गेला, मान मागे वळली, बांधी किती उरली ते पाहिलं गेलं.

अर्ध्यात गुडघा परत बोलायला लागला. दुसरं कोणी पाहिलं नसतं, पण मी त्याच्यासोबत इतकी वर्षं वाजवलं आहे. पाऊल आखूड पडू लागलं. मी काही बोलायच्या आधीच पट्टी आणखी खाली गेली होती. खेमराज आता मशीनकडे पाहतच नव्हता. त्याची नजर बापाच्या टाचांवर, आणि बोट त्या टाचांना बांधल्यासारखं. पाय जितका थांबे, तितकं गाणं थांबे. माझ्या ढिल्या रबरानंही ते कधी इतकं हळू वाजवलं नव्हतं. दोन ठोक्यांच्या मधे एखादा माणूस आपल्या गावाहून येऊन परत जाईल एवढी जागा झाली. झनकलाल त्या जागेतून, वाकून, एक एक पाय मागे टाकत येत होता.

मामा खुर्चीवरून उठून आमच्याकडे आले. खेमराजच्या खांद्यावर हात ठेवून, भल्या माणसासारखंच त्यांनी विचारलं, "मशीन बिघडलं का हो? गाणं पार बसून गेलं."

खेमराजनं बोट उचललं नाही. मानही वळवली नाही.

"मशीन बरोबर हाय मामाजी. माझे बाबा नाचून राहिले."

मामा मैदानाकडे पाहत राहिले. मग पाय थकले असतील म्हणून असेल, मागे सरकून माझ्या पेटीवर टेकले.

"तिच्यावर बसू नोका जी," मी म्हटलं, "आवाज दबते."

ते चटकन उठले. खुर्ची रिकामी होती, हाताच्या अंतरावर होती. नाच संपेपर्यंत ते तसेच उभे राहिले.